ध्येयवाद, आरसा आणि मंगळुरी कौलं

धाकट्या भाचीने बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलंय. (त्यावर घरात जी काय चर्चा व्हायची ती झाली, ती इथे नको.) मागच्या रविवारी तिचा फोन आला. "मावशी, आयडियलिझमला मराठीत ध्येयवाद म्हणतात ना? मग हा बिशप बर्कले ध्येयवादी कसा काय? त्याने असं केलं काय?"

प्रश्न वरवर पोरकट वाटतो, पण आहे खरा. एकाच इंग्रजी शब्दाच्या पोटात दोन अगदी वेगळे अर्थ आहेत. पहिला तत्त्वज्ञानातला. जगाचं मूळ शेवटी मनात, जाणिवेत, चैतन्यात आहे, आणि आपण ज्याला वस्तू म्हणतो तिला त्या जाणिवेपासून वेगळं अस्तित्व नाही, असं मानणारा विचार. याला मराठीत 'चिद्वाद' म्हणतात, विश्वकोशातही तोच शब्द आहे. दुसरा अर्थ आपल्या रोजच्या बोलण्यातला. जग आहे तसं न पत्करता ते कसं असावं याचं एक चित्र उराशी धरून त्यापायी झिजणारा माणूस. हा आपला ध्येयवाद किंवा आदर्शवाद. बर्कले पहिल्या अर्थाने आयडियलिस्ट होता हे पुस्तकात असतंच. पण गंमत अशी की तो दुसऱ्या अर्थानेही होता! बर्म्युडा बेटावर कॉलेज काढायचं या ध्यासाने हा गृहस्थ १७२८ मध्ये लग्न करून, बायकोला घेऊन अमेरिकेला गेला. सरकारने कबूल केलेल्या पैशांची वाट बघत ऱ्होड आयलंडला राहिला. पैसे काही आले नाहीत. १७३१ मध्ये परत. त्याच्या बायकोला या सगळ्याबद्दल काय वाटलं असेल, हा विचार मला तेव्हाच येऊन गेला. पुढे त्याबद्दल येईलच.

आधी शब्दांकडे. मला शब्दांची मुळं खणायची खोड आहे, घरच्यांना माहीत आहे.

'ध्येय' हा शब्द मुळात ध्यान करणाऱ्यांचा. ध्याता, ध्यान आणि ध्येय अशी ती त्रिपुटी. ध्यान करणारा तो ध्याता, ज्याचं ध्यान करायचं ते ध्येय. म्हणजे ध्येय मिळवायची गोष्ट नव्हतीच, डोळे मिटून बसून जिच्यावर मन ठेवायचं ती गोष्ट होती. आज 'यंदा अमुक कोटींचं ध्येय' असं विमा कंपनीच्या मीटिंगमध्ये म्हणतात तेव्हा हा शब्द केवढा चालून आलाय ते बघा.

'आदर्श'ची तर आणखी मजा. संस्कृतात आदर्श म्हणजे चक्क आरसा. आपला 'आरसा' हा शब्द त्याच 'आदर्श'पासून प्राकृतातून झिजत झिजत आलेला आहे. म्हणजे मराठीत एकाच शब्दाची दोन मुलं. एक घरात राहिलं, खुंटीवर लटकून रोज तोंड दाखवत बसलं. दुसरं शिकून मोठं झालं, आणि पुरस्कारांच्या पाटीवर जाऊन बसलं. ग्रीक 'इडीया' शब्दाच्या मुळाशीही 'पाहणे' हाच धातू आहे. दोन्हीकडे पाहण्यापासूनच सुरुवात, एवढं खरं.

पण आपल्या आजी-पणजीच्या तोंडी हे दोन्ही शब्द नसणार. त्यांचे शब्द वेगळे होते. नेम, व्रत, वसा, ब्रीद, पण. यातला 'वसा' मला सगळ्यात आवडतो. श्रावणातल्या कहाण्या ऐकलेल्यांना ठाऊक आहे, वसा अमुक दिवशी घ्यायचा, अमुक वर्षं करायचा, आणि मग त्याचं उद्यापन करायचं. जेवण घालायचं, वाण द्यायचं, मोकळं व्हायचं. मोकळं होण्याची सोय त्यात आधीच करून ठेवलेली असते. ध्येयवादाला उद्यापन नाही. हे वाक्य माझं नाही, आजीचं आहे. तिच्याकडे येतेच.

त्याआधी आमच्या तालुक्याबद्दल, कारण हा शब्द मला पुस्तकात भेटायच्या आधी तिथेच भेटला. बुरोंडी म्हणजे दापोलीहून खाली समुद्राकडे उतरलं की लागणारं गाव. आता तिथे पृथ्वीच्या घुमटावर उभा असलेला परशुरामाचा भला मोठा पुतळा आहे, पर्यटक फोटो काढतात. बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण काढलं, ही कथा आम्हाला पाळण्यातच मिळते. मनात आलं आणि जमीन झाली! चिद्वाद याहून वेगळा काय असतो? (भाचीला हे परीक्षेत लिहू नको म्हणून बजावलंय.)

बुरोंडीहून किनाऱ्याने उत्तरेला निघालं की लाडघर, मग कर्दे, मग मुरुड. मुरुड म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. त्याच्या पुढे हर्णै, आणि खाडीपलीकडे आंजर्ले, तिथलंच मुर्डी हे रँग्लर परांजप्यांचं. तालुक्यातच आत पालगड, साने गुरुजींचं. आणि चिखलगाव, टिळकांचं मूळ गाव. एवढ्याशा जागेत एवढी माणसं का निघाली याचं उत्तर लोक 'इथल्या मातीत काहीतरी आहे' असं देतात. मातीत जांभा आहे, बाकी फारसं काही नाही. खाणारी तोंडं जास्त आणि शेत कमी. म्हणून पोरं शिकायला बाहेर पडली, आणि बाहेर पडलेल्यांतली काही परत वळून बघणारी निघाली. मला तरी एवढंच कारण दिसतं.

कर्वे १८७५ मध्ये, सतराव्या वर्षी, एका सरकारी परीक्षेसाठी मुरुडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले. तिथे साहेबाने हा मुलगा लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. ही गोष्ट आम्ही शाळेत ऐकली ती 'ध्येय कसं असावं' याच्या उदाहरणादाखल. ती पास झालेल्या माणसाची गोष्ट नव्हती, परत चालत आलेल्या माणसाची होती, हे तेव्हा कुणी दाखवलं नाही.

पुढचं बरंचसं सगळ्यांना माहीत असतं. १८९१ मध्ये फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक. पहिली पत्नी राधाबाई त्याच वर्षी गेल्या. १८९३ मध्ये देवरुखच्या जोश्यांच्या गोदूशी, म्हणजे विधवेशी, पुनर्विवाह. मुरुडकरांनी बहिष्कार घातला. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम, मग हिंगणे, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, १९५८ मध्ये भारतरत्न. पण त्या काळातली ही मंडळी स्वतःला काय म्हणत होती ते बघण्यासारखं आहे. कर्व्यांनी कार्यकर्त्यांसाठी संस्था काढली तिचं नाव 'निष्काम कर्ममठ'. नाव गीतेतून आणि मठातून उचललेलं. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत 'आजीव सभासद' असत, म्हणजे तुटपुंज्या पगारावर वर्षानुवर्षं बांधून घेतलेले. केंब्रिजला १८९९ मध्ये सीनिअर रँग्लर झालेले परांजपे परत येऊन महिना ७५ रुपयांवर फर्ग्युसनला रुजू झाले ते याच शब्दाखातर. ते तर कट्टर बुद्धिवादी, देवधर्म न मानणारे. म्हणजे दुसऱ्या अर्थाने शंभर नंबरी आयडियलिस्ट आणि पहिल्या अर्थाने त्याच्या अगदी उलट! चैतन्याच्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा गणित शिकवणाऱ्यांनीच आमच्या भागात जास्त ध्येयवाद केला, असं मी म्हटलं तर रागावू नका.

या दोन अर्थांमधली वाट प्रत्यक्ष चालून गेलेला माणूस म्हणजे साने गुरुजी. त्यांच्या चरित्रातला हा भाग सहसा दोन ओळींत उरकतात, म्हणून जरा थांबून सांगते. पालगडचा हा मुलगा, जन्म १८९९, दापोलीला आत्याकडे राहून शिकला, मग औंध, मग पुणे. बी.ए. झाल्यावर १९२३ मध्ये ते खानदेशात अमळनेरला गेले, ते शिक्षक व्हायला नव्हे. तिथे गिरणीमालक प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये 'तत्त्वज्ञान मंदिर' काढलं होतं. गिरणीच्या पैशातून वेदान्त! विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळायची, शंकराचार्य आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञ वाचायचे, चिंतन करायचं. पुढे याच मंदिरात मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती अशा मोठमोठ्या विद्वानांनी काम केलं. चिद्वादाचं महाराष्ट्रातलं घर म्हणाल तर ते हेच.

आणि गुरुजी तिथे रमले नाहीत. वर्षभरात, जून १९२४ मध्ये, त्याच गावातल्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. मग छात्रालयाचे प्रमुख झाले. पोरांची अंथरुणं घडी करणं, खोल्या झाडणं, आजाऱ्याच्या उशाशी बसणं हे सगळं स्वतः करायचे. रोज रात्री जागून हाताने लिहिलेलं 'छात्रालय दैनिक' काढायचे. सहा वर्षं हे चाललं आणि १९३० मध्ये ते नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. म्हणजे एकाच गावात, थोड्याशा अंतरावर, दोन्ही आयडियलिझम नांदत होते. एका इमारतीत जग मिथ्या आहे का याचा काथ्याकूट, दुसरीकडे ताप आलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी. मला वाटतं, मराठीत 'ध्येयवादी' म्हटल्यावर जो चेहरा डोळ्यांपुढे येतो तो या दुसऱ्या इमारतीतला आहे. थोडासा रडवेला, खादीतला, आणि शिक्षक.

तत्त्वज्ञान मंदिराला मी कमी लेखत नाही हं. जग खरं की खोटं हा प्रश्न काही फालतू नाही. पण १ मे १९४७ ला गुरुजी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले, दहा दिवस बसले, आणि दरवाजे उघडले गेले. ज्या अद्वैताची चर्चा अमळनेरला चालायची ते पंढरपूरच्या बडव्यांपुढे पोटाला चिमटा घेऊन सिद्ध करावं लागलं. तीन वर्षांनी, ११ जून १९५० ला, त्यांनी स्वतःहून आपलं आयुष्य संपवलं. स्वातंत्र्यानंतरचं जे दिसत होतं ते त्यांना सोसलं नाही असं म्हणतात. कुणाच्या मनात नेमकं काय असतं ते बाहेरच्याने बोलू नये.

कादंबऱ्यांनीही या शब्दाला पुष्कळ पाणी घातलं. हरिभाऊंच्या 'मी'मधला भावानंद आहे, आणि मग खांडेकर. १९२० ते १९३८ ते वेंगुर्ल्याजवळ शिरोड्याला शाळेत शिकवत होते, तेव्हाच्या आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात. एका पिढीने खांडेकर वाचून खादी घेतली, काहींनी लग्नच केलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचे नायक वाचवत नाहीत, फार बोलतात. पण शिरोड्याचा मास्तर खांडेकर मला त्यांच्या कुठल्याही नायकापेक्षा मोठा वाटतो.

मग १९५७ मध्ये पु.लं.चं 'तुझे आहे तुजपाशी' आलं आणि आचार्य पोफळे गुरुजी रंगमंचावर उभे राहिले. अख्ख्या महाराष्ट्राने हसून घेतलं. तिथून 'ध्येयवादी' शब्दाला एक कड लागली ती लागलीच. आता कुणाला ध्येयवादी म्हटलं की ऐकणारा आधी चेहरा बघतो, कौतुक चाललंय की टवाळी. विशेष म्हणजे ज्या पु.लं.नी आचार्यांची टर उडवली त्यांनीच पुढे आपल्या पुस्तकांचे पैसे मुक्तांगणसारख्या कामांना दिले. शब्दावर हसले आणि माणसांना मदत केली. हे बरं, याच्या उलटं करणारेच जास्त. 'आदर्श'चं तर विचारूच नका. आदर्श शिक्षक, आदर्श गाव, आदर्श आचारसंहिता हे सगळं ठीक होतं, पण २०१० मध्ये कुलाब्याच्या त्या ३१ मजली 'आदर्श' सोसायटीने मुख्यमंत्र्यांची खुर्ची घालवली, आणि तेव्हा काही वर्षं तरी 'आदर्श' म्हटलं की लोकांना घोटाळाच आठवायचा.

आता बायांबद्दल. कर्व्यांनी १९१५ मध्ये आपलं चरित्र लिहिलं, त्याचं नाव 'आत्मवृत्त'. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे ती गोदू, म्हणजे बाया कर्वे. त्यांचं पुस्तक १९४४ मध्ये आलं, त्याचं नाव 'माझे पुराण'. नावातच सगळं आलं! अण्णा (कर्व्यांनाही अण्णाच म्हणत) मिळेल ते संस्थेला देत होते, विम्याची पॉलिसीसुद्धा संस्थेच्या नावे केली. घर कसं चालायचं? बाया नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेऊन आल्या. संस्थेसाठी वर्गणीही गोळा करत हिंडल्या. आणि हे सगळं त्या रडगाणं न गाता, मधूनमधून चिमटे काढत सांगतात. 'आत्मवृत्त' मोठं पुस्तक आहे, पण मी पुन्हा पुन्हा उघडते ते 'माझे पुराण'. ध्येयवादाचा इतिहास लिहायचा तर या दोन पुस्तकांना एकमेकांशेजारी ठेवूनच लिहावा लागेल. एकात उद्दिष्ट आहे, दुसऱ्यात जमाखर्च.

आमचे अण्णा, म्हणजे माझे आजोबा, कर्व्यांच्या मानाने अगदी लहान माणूस. प्राथमिक शिक्षक. 'साधना' पोस्टाने यायचा, खादी होती. पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या की खारव्यांच्या पोरांना काम नसायचं. अण्णा रात्री गॅसबत्ती लावून त्यांना पडवीत शिकवायचे. पुढे पावसाळा संपला तरी जे थोडे यायचे त्यांच्यासाठीही वर्ग चालू ठेवला. फी नाही. पाट्या-पेन्सिली, रॉकेल, बत्तीचे मॅन्टल, कुणाकुणाची वह्यापुस्तकं, सगळं पगारातून. निवृत्त झाले तेव्हाच्या समारंभात पाहुण्यांनी 'ध्येयवादी शिक्षक' असा उल्लेख केला. मानपत्रातही आहे, काचेत लावलंय.

आजी हा शब्द वेगळ्या तऱ्हेने वापरायची. घरावर जुने नळे होते, दर पावसाळ्याआधी परतायचे, तरी गळायचे. तिला मंगळुरी कौलं हवी होती. कुणी पाहुणा घरात ठिबकणाऱ्या पाण्याखाली ठेवलेली भांडी बघून काही बोलला की ती शांतपणे सांगायची, "आमच्याकडे ध्येयवाद आहे ना, म्हणून कौलं नाहीत." अण्णा हसायचे. वशाला उद्यापन असतं, यांच्या ध्येयाला ते नाही, हेही तिनेच एकदा मंगळागौरीच्या तयारीत माझ्या आईला सुनावलं होतं. आईने ते आयुष्यभर लक्षात ठेवलं.

मोठी आत्या सातवी झाली १९६१ मध्ये. पुढे शिकायचं तर दापोली, दहा-बारा किलोमीटर, रोज जाऊन येणं शक्य नाही. नातेवाइकांकडे राहायची सोय झाली, जून महिन्यात ती गेलीही. दिवाळीआधी परत आली. का परत आली याबद्दल घरात कुणी फारसं बोलत नसे. 'तब्येत बरी नव्हती' असं मी लहानपणी ऐकलेलं. आत्याने मात्र कधी तब्येतीचं नाव काढलं नाही, ती नुसती पडवीकडे बघायची. तिने त्या रात्रीच्या वर्गात लहान पोरांना बाराखडी शिकवायचं काम पुढची सहा वर्षं, लग्न होईपर्यंत केलं. खारव्यांची काही मुलं पुढे बोटीवर इंजिन ड्रायव्हर झाली, एक तहसील कचेरीत लागला, एकीची मुलगी नर्स आहे. ती माणसं आजही आत्याला 'ताई' म्हणून भेटायला येतात. अण्णांच्या नावाने येत नाहीत असं नाही, पण आधी ताई.

अण्णा ध्येयवादी होते का? होतेच. ते आपल्या लेकीच्या बाबतीत आंधळे होते का? तेही होते. मला या दोन वाक्यांत 'पण' घालता येत नाही, कारण पोरं खरोखर शिकली. आणि आत्याची शाळा खरोखर सुटली. बायांनी 'पुराण' लिहिलं तेव्हा त्यांनाही हाच पेच पडला असेल का, कुणास ठाऊक. त्यांनी कर्व्यांची निंदा केली नाही आणि हिशोबही सोडला नाही.

गेल्या वर्षी पडवीवरच्या माळ्याची आवराआवर करताना अण्णांची खर्चाची वही मिळाली. १९६१ सालची. अक्षर छापल्यासारखं. जून, जुलै, ऑगस्ट या तीन महिन्यांत एक ओळ आहे, 'थोरली, दापोली, फी व खाणावळ'. सप्टेंबरात ती ओळ आहे, पुढे रक्कम नाही. त्याच्या खालीच रॉकेल, मॅन्टल दोन, पाट्या बारा. ऑक्टोबरपासून थोरलीची ओळ नाही.

मी फोटो काढून आत्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. पाठवावा की नाही यात दोन दिवस गेले. तिचं उत्तर आलं ते असं, "पाट्या बारा नव्हत्या, दहाच होत्या. दोन फुटक्या निघाल्या म्हणून मीच परत केल्या दुकानात." मग थोड्या वेळाने आणखी एक, "वही मला हवी आहे. गणपतीत येशील तेव्हा आण."

ती वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बॅगेत ठेवली आहे. कौलं आजी गेल्यावर दोन वर्षांनी घातली.